परातीवरची सीताबर्डी

इंग्रजांनी सीताबर्डीची टेकडी पुन्हा एकदा जिंकली, आणि दत्तोपंत मोहरील पुन्हा एकदा न जेवता आडवे झाले.

"पानं घेतली आहेत," यमुताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"भूक नाही."

"हरलात वाटतं."

"हरलो नाही. नियमात त्रुटी आहे." दत्तोपंतांनी भिंतीकडे तोंड केलं. "दुरुस्ती काढावी लागेल."

दत्तोपंत नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहत. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, लोक पुन्हा आपल्या सवडीने ऑफिसात येऊ लागले होते, आणि त्या निवांतपणात दत्तोपंतांना सीताबर्डीवरच्या रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात लिहिलं होतं, की विलायतेत चांगली पेन्शनीत निघालेली, भारदस्त मिशांची माणसं टेबलावर बोटभर शिपाई मांडून जुन्या लढाया नव्याने खेळतात. त्याला नियम असतात आणि ते ज्याचे त्याने घरी तयार करायचे असतात. नियम करायचे, खेळून पाहायचे, चुका काढायच्या, पुन्हा नियम करायचे. हे वाचून दत्तोपंतांना अगदी भरून आलं. सारा जन्म दुसऱ्यांचे नियम पाळण्यात गेला होता. आता स्वतःचे करायची सोय झाली होती.

लढाई कोणती, हा प्रश्नच नव्हता. अठराशे सतरा साली याच नागपुरात, याच सीताबर्डीच्या टेकडीवर मूठभर इंग्रजी पलटणीने भोसल्यांच्या एवढ्या मोठ्या फौजेला हरवलं, आणि मोहरील घराण्यात हे दुःख अजून ताजं होतं. दत्तोपंतांचे खापरपणजोबा त्या दिवशी टेकडीखाली हजर होते. लढायला नव्हे, घोड्यांच्या दाण्याचा हिशेब ठेवायला. पण हजर होते. "एकदा, फक्त एकदा मला ती टेकडी भोसल्यांच्या ताब्यात पाहायची आहे," असं दत्तोपंत म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापत असे.

रणांगण म्हणजे बाहेरच्या खोलीतला तख्तपोस, बसाउठायचा लाकडी पलंग. टेकडी म्हणजे यमुताईंची पाहुण्यारावळ्यांसाठी ठेवलेली मोठी पितळी परात, उपडी घातलेली आणि वर हिरवं कापड पांघरलेली. इंग्रज म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे शिपाई, लाल रंग दिलेले. भोसल्यांच्या नोकरीतले अरब म्हणजे सुपाऱ्या. तोफा म्हणजे दोऱ्याची रिकामी रिळं. घोड्यांची मात्र अडचण झाली, कारण मातीच्या घोड्यांचे पाय पहिल्याच हल्ल्यात मोडले. पण नागपुरात लाकडी बैलांना काय तोटा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथली पोरं लाकडी बैल सजवून दोरीने ओढत नेतात, आणि जुने झालेले बैल प्रत्येक घराच्या माळ्यावर पडलेले असतात. दत्तोपंतांनी मोहल्ल्यातून असे मूठभर बैल गोळा केले. धडक्या शिंगांचे भोसल्यांचे घोडदळ झाले आणि शिंग तुटलेले इंग्रजांचे.

इंग्रजांच्या बाजूने लढायचा जागेश्वर. हा दत्तोपंतांचा शाळेपासूनचा मित्र, कोष्ट्याच्या घरातला. वडिलांच्या वेळेपर्यंत घरात हातमाग होता, आता इतवारीत लुगड्यांचं दुकान होतं. इतिहासाशी जागेश्वरचं काही देणंघेणं नव्हतं. "मले काय, कोनीबी चालते," असं म्हणून तो बसला, इंग्रज झाला आणि जिंकत सुटला.

दत्तोपंत नियम ऑफिसच्या टाइपरायटरवर टाइप करत, कार्बन लावून, आणि खाली सही करत. पहिल्या लढाईत भोसले पळाले. दत्तोपंतांनी दुरुस्ती काढली: "भोसले पक्षाचा कोणताही सैनिक पाठ दाखवणार नाही." पुढच्या रविवारी भोसले पळाले नाहीत. होते तिथेच उभे राहून मेले.

मग दरबारच्या मंजुरीचा नियम आला. "भोसल्यांचं राज्य होतं, काही धर्मशाळा नव्हती," दत्तोपंतांनी समजावून सांगितलं. "कोणीही उठला आणि टेकडी चढला, असं चालेल का? हल्ल्याला राजेसाहेबांची मंजुरी हवी. फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर मंजुरी. नाही तर प्रकरण प्रलंबित."

जागेश्वर दोन रविवार गप्प राहिला. मग त्याला राहवेना.

"पंत, मंजुरीची वाट पाहू पाहू तुमचे लोकं मरून राहिले ना गा."

"शिस्तीत मरून राहिले," दत्तोपंत म्हणाले.

भोसल्यांना उचलून धरणं जमेना, तेव्हा त्यांनी इंग्रजांना लगाम घालायचं ठरवलं. इंग्रज दारू पितात हे जगजाहीर आहे. तेव्हा इंग्रज शिपाई हलवण्याआधी फासा टाकायचा, आणि चारपर्यंत आकडा पडला तर तो शिपाई दारूच्या अंमलाखाली आहे असं समजून त्याला जागचा हलू द्यायचा नाही. घोडदळाला सूट, कारण घोडे पीत नाहीत. हा नियम वाचून दाखवताना दत्तोपंतांचा चेहरा फुलून आला होता.

"पन माहे शिपाई टेकडीवरच तं बसून हायेत," जागेश्वर म्हणाला. "त्यायले हलाचं कामच काय?"

दत्तोपंतांनी हा विचार केला नव्हता. त्या दिवशीही टेकडी इंग्रजांकडेच राहिली. मग एकदा जागेश्वर "संपली लढाई" म्हणून उठला आणि दत्तोपंत म्हणाले, मी कुठे संपली म्हणालो? त्यावर जोरदार वाद झाला आणि नवा नियम निघाला: दोन्ही सेनापतींनी "संपली" असं तोंडाने म्हटल्याशिवाय लढाई संपणार नाही, आणि ते म्हणताना टेकडी ज्याच्या हाती असेल तो जिंकला. आता हे किती सरळ आहे! पण दत्तोपंतांना "संपली" हा शब्द उच्चारायला कधीकधी रात्रीची जेवणं होईपर्यंत वेळ लागत असे.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो लुटीच्या नियमाने. दत्तोपंतांच्या मनाने घेतलं, की भोसले हरतात कारण खेळात हरल्याचं कोणाला काही वाटत नाही. म्हणून त्यांनी टाइप केलं, की जिंकणाऱ्याने हरलेल्या पक्षाच्या मेलेल्या सोंगट्या लूट म्हणून घरी न्याव्यात, त्या पुढच्या लढाईत जिंकूनच परत मिळवता येतील, अन्य मार्गाने नाही, आणि "हा नियम कोणत्याही सबबीखाली शिथिल करता येणार नाही." शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघही ओढली. लूट आपल्याकडे येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आता यमुताईंच्या बैलाबद्दल सांगायला हवं. हा त्यांच्या माहेरचा बैल. सागवानी, हातभर उंच, शिंगांना पितळी टोपणं, पायांखाली चाकं. लेक उत्तरा काटोलला दिलेली होती आणि तिच्या दीड वर्षाच्या केशवचा यंदा स्वतःच्या पायांवरचा पहिला तान्हा पोळा होता. व्याही महादेवरावांचा निरोप आला होता, की पोळ्याच्या दिवशी आम्ही सगळेच येतो, नातू आजोळचा बैल ओढताना पाहायचा आहे, काटोलात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. उत्तराच्या लग्नात जिलेबी कमी पडली होती आणि महादेवराव ती गोष्ट प्रत्येक भेटीत काढत. ती जिलेबी या बैलाने एकदाची धुऊन काढायची, असं यमुताईंनी मनाशी पक्कं केलं होतं. पोळ्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी बैल माळ्यावरून काढला, तेल लावलं, ओट्यावर सुकायला ठेवला आणि देवळात गेल्या.

नेमका त्याच दिवशी भोसल्यांना सेनापती नव्हता. म्हणजे नियमात होता, पण त्याला शोभेलशी सोंगटी नव्हती. दत्तोपंतांची नजर ओट्यावर गेली.

"पंत, हा वैनीचा बैल होय," जागेश्वर म्हणाला.

"एका चाचणीपुरता. बघ तरी, कसा दिसतो!"

दिसत होता खरा. समोरच्या घोडदळाच्या चौपट तरी होता. पण "सेनापती सर्वांत पुढे राहील" हा नियम दत्तोपंतांचाच, आणि "पाठ दाखवणार नाही" हाही त्यांचाच. इंग्रजांच्या रिळांनी दोन फेऱ्या झाडल्या आणि सेनापती धारातीर्थी पडले. जागेश्वरने नियमांचा कागद नीट वाचला, बैल काखोटीला मारला आणि इतवारीचा रस्ता धरला. दत्तोपंत हातात फासा घेऊन बसून राहिले.

यमुताई देवळातून आल्या.

"बैल कुठे आहे?"

"युद्धकैदी आहे," दत्तोपंत म्हणाले.

"कोण?"

"बैल."

"कोणाकडे?"

"इंग्रजांकडे."

यमुताईंना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्या ओरडल्या नाहीत, आणि दत्तोपंत खरे घाबरले ते त्यामुळे. "पोळ्याला महादेवराव दारात उभे राहतील तेव्हा माझा बैल घरात हवा," त्या म्हणाल्या. "नाही तर दुसऱ्या दिवशी मारबत निघते ना गावाची इडापिडा घेऊन, तिच्याबरोबर हा तख्तपोस, ह्या सुपाऱ्या आणि ते नियम पाठवते की नाही बघा. तुम्हाला वाटलं तर तुम्हीही जा."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत ऑफिसातून परस्पर इतवारीत गेले. जागेश्वरच्या घरात शिरताच त्यांना बैल दिसला. बैलाला हळदकुंकू लावलं होतं, गळ्यात झेंडूची माळ होती आणि समोर उदबत्ती जळत होती. शेजारी जागेश्वरची बायको अनुसया उभी होती.

"या, पंत! पाहा, कसा शोभून राहिला! माह्या मानसानं जिंकून आनला. जलमात पैल्यांदा काही जिंकून आनलं त्यानं."

"वहिनी, अहो, तो खेळ होता..."

"खेळ कसा? लढाई होती म्हनते ना हा. मी तं साऱ्या मोहल्ल्याले सांगतलं, मोहरीलायले हरवून बैल आनला म्हनून. आता परत देल्ला तं लोकं काय म्हनतीन? काही नाही, ह्यानं उसना आनला अन् फुशारक्या मारल्या, असंच म्हनतीन ना?"

दत्तोपंतांनी जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वर छताकडे पाहत होता.

"पंत, मी देल्ला असता गा," तो म्हणाला. "पन 'कोणत्याही सबबीखाली शिथिल करता येणार नाही.' खाली सही कोनाची हाय?"

"चोरटी नाही मी," अनुसया म्हणाली. "पुन्हा लढा. हा हारला तं बैल तुमचा, मी माह्या हातानं आनून देईन. पन लढाई माह्या डोयासमोर झाली पायजे. मिलीभगत नाही चालाची."

जागेश्वर दत्तोपंतांना सोडायला खालपर्यंत आला आणि त्याने इकडेतिकडे पाहून त्यांचा हात धरला. "काही फिकर करू नका, पंत. मी हारतो. कसाबी हारतो. वैनीच्या नातवाचा बैल घेऊन मी कुठी तोंड दाखवू? अन् तसंबी हारनं काय कठीन हाय? तुमी तं दर रविवारी हारता."

पोळ्याच्या दिवशी सकाळीच अनुसया बैल मांडीवर घेऊन मोहरीलांच्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर येऊन बसली. आत यमुताईंनी पुरण शिजत घातलं होतं. काटोलची बस दुपारच्या आत पोचायची होती. दत्तोपंतांनी ऑफिसात रजा टाकली होती आणि कारण "घरगुती" असं लिहिलं होतं.

लढाई सुरू झाली. जागेश्वरने पहिल्याच पाळीत टेकडी सोडायचं ठरवलं. "माहे शिपाई खाली उतरून राहिले," त्याने जाहीर केलं आणि फासा टाकला. दोन.

"दारूच्या अंमलाखाली," दत्तोपंत सवयीने म्हणाले.

दुसऱ्या शिपायासाठी टाकला. एक. तिसऱ्यासाठी टाकला. तीन.

"बापरे, सकायपासूनच पिऊन हायेत का हे?" अनुसया म्हणाली.

शिपाई उतरेनात. जागेश्वरच्या कपाळाला घाम आला. "पंत, तुमी चढा ना गा! चढा अन् मोकये व्हा!"

"मंजुरीशिवाय कसा चढू?" दत्तोपंतांनी फासा टाकला. चार. प्रकरण प्रलंबित. पुढच्या पाळीत दोन. प्रलंबित. जागेश्वरने तोफांची तोंडं मुद्दाम भिंतीकडे फिरवली, अनुसयाने ती हाताने पुन्हा भोसल्यांकडे फिरवली आणि म्हणाली, "निशाना नीट लावा, अवो. मी पाहून राहिली." तोफा लागल्या. सुपाऱ्या मागे जाऊ शकत नव्हत्या, पुढे जाऊ शकत नव्हत्या. त्या जिथल्या तिथे पडत गेल्या आणि टेकडीवर लाल शिपाई झिंगून उभेच राहिले. इकडे दत्तोपंतांना जिंकायचं होतं, तिकडे जागेश्वरला हरायचं होतं, दोघे जिवाचं रान करत होते, पण नियम असे काही चोख झाले होते की इंग्रजांना हरताच येत नव्हतं.

"संपली," दत्तोपंत शेवटी म्हणाले. सुपारी एकही उरली नव्हती.

"संपली," जागेश्वर म्हणाला. त्याला रडू यायचं बाकी होतं.

स्वयंपाकघराच्या दारात यमुताई येऊन उभ्या राहिल्या. हात पुरणाने भरलेले होते.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "यात नेहमी इंग्रजच जिंकतात ना?"

"आजवर तरी," दत्तोपंत म्हणाले.

"मग तुम्ही इंग्रज काहून नाही होत?"

जागेश्वरने हळूच दत्तोपंतांकडे पाहिलं. दत्तोपंतांचा चेहरा उतरला होता.

"मी? इंग्रजांकडून? यमू, आपले खापरपणजोबा त्या टेकडीखाली..."

"खापरपणजोबांना बैल ओढायचा नाही. केशवला ओढायचा आहे."

"मोहरील घराण्यात आजवर कोणी..."

"मोहरील घराण्यात जिलेबीसुद्धा कधी कमी पडली नव्हती," यमुताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दत्तोपंत उठले आणि तख्तपोसाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. तेवढं अंतर जायला त्यांना फार वेळ लागला. लाल शिपाई त्यांनी टेकडीवर मांडले ते दोन बोटांच्या चिमटीत धरून, विटाळ होईल अशा बेताने. अनुसयाने हरकत घेतली नाही. बाजू बदलू नये असा नियम कुठेच नव्हता. असं कोणी करेल हे नियमकर्त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता जागेश्वर भोसले झाला होता आणि त्याला फक्त हरायचं होतं. भोसल्यांना हरायला काय लागतं? त्याने निश्चिंत मनाने मंजुरीचा फासा टाकला. सहा.

"मंजुरी आली!" अनुसया म्हणाली. "चढा!"

"एवढ्या लवकर?" जागेश्वर म्हणाला. त्याने नाइलाजाने चार सुपाऱ्या टेकडीच्या पायथ्याला नेल्या. पुढच्या पाळीत पाच. त्याच्या पुढे पुन्हा सहा. इतके महिने दत्तोपंतांसाठी अडून बसलेला दरबार त्या दिवशी भलताच तत्पर झाला होता. सुपाऱ्या परातीच्या काठाला भिडल्या.

तरी इंग्रजांना काळजी नव्हती. तुटक्या शिंगांचं घोडदळ उजव्या बाजूला तयार उभं होतं. सुपाऱ्या उघड्यावर होत्या. एक धाव, आणि खेळ खलास. हे जागेश्वरला दिसत होतं, अनुसयालाही दिसत होतं. दत्तोपंतांनी हात पुढे केला. एक बैल धरला. आणि हात तिथेच थांबला.

"चालवा ना, पंत," जागेश्वर दबक्या आवाजात म्हणाला.

दत्तोपंतांच्या डोळ्यांसमोर खापरपणजोबा उभे राहिले. दाण्याची पोती शेजारी, पागोटं तिरकं झालेलं, आणि टेकडीकडे लागलेले डोळे. आता त्यांच्या अंगावर आपणच घोडे घालायचे? दत्तोपंतांना ते सोसवेना. त्यांनी हात मागे घेतला.

"घोडदळ विश्रांती घेऊन राहिलं आहे," ते म्हणाले.

"पंत!"

"घोड्यांना दाणा मिळालेला नाही."

"चालवा म्हणते ना!" आतून यमुताई ओरडल्या.

पण मंजुरीचा फासा पडून गेला होता. सुपाऱ्या परातीवर चढल्या. दत्तोपंतांनी शिपायांना मागे हटवण्यासाठी फासा टाकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच इंग्रज शिपाई शुद्धीवर सापडले. ते टेकडी सोडून खाली आले. वर हिरव्या कापडावर सुपाऱ्या आणि फक्त सुपाऱ्या उरल्या.

दत्तोपंत क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्यांनी रेडिओ बंद केला.

"जिंकले! भोसले जिंकले! टेकडी घेतली!" ते तख्तपोसाभोवती नाचू लागले. त्यांनी जागेश्वरला मिठी मारली, अनुसयाला नमस्कार केला, बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वहिनी, न्या! हा सेनापती तुमच्याच घरी शोभतो! मी देतो, मानाने देतो!"

"काय मानानं देता!" जागेश्वर कपाळाला हात लावून म्हणाला. "पंत, तुमी हारले! बैल गेला तुमचा!"

दत्तोपंत नाचता नाचता थांबले, कारण दारात महादेवराव उभे होते. काखेत मक्याच्या कणसांचं पोतं, मागे त्यांची पत्नी, मागे उत्तरा, आणि उत्तराच्या कडेवर केशव.

"कोण जिंकलं म्हणता, व्याहीबुवा?" महादेवरावांनी विचारलं.

कोणी उत्तर द्यायच्या आत यमुताई आतून आल्या. त्यांनी व्याह्यांना पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, "या, बसा" म्हटलं आणि मग खोलीभर नजर फिरवली. एवढी माणसं दारात, पुरण तयार, कणीक भिजवायची अजून बाकी, आणि घरातली एकुलती एक मोठी परात तख्तपोसावर उपडी. त्या तरातरा पुढे आल्या. हिरवं कापड ओढून त्यांनी फेकलं, सुपाऱ्या खोलीभर गडगडल्या, आणि परात कमरेवर घेऊन त्या आत निघाल्या.

"थांबा वं, यमुताई!" अनुसया एकदम म्हणाली.

यमुताई थांबल्या.

अनुसयाने नवऱ्याकडे पाहिलं. "लढाई संपली म्हनून म्हनलं होतं का तुमी दोघायनं?"

"नाही," जागेश्वर म्हणाला, आणि मग त्याचे डोळे चमकले. "नाही! पंत नाचून राहिले होते. कोनीच नाही म्हनलं!"

"मंग लढाई चालूच हाय," अनुसया म्हणाली. "अन् टेकडी तं यमुताईच्या कमरेवर हाय."

"मला काय करायची आहे टेकडी?" यमुताई म्हणाल्या. "मला कणीक भिजवायची आहे."

"भिजवा बाप्पा, भिजवा. पन आधी ह्यायले म्हनू द्या." अनुसया बैल घेऊन उभी राहिली. "ज्याच्या हाती टेकडी, तो जिंकला. माह्या मोहल्ल्याले सांगाले काही लाज नाही. माहा मानूस पंताले नाही हारला, यमुताईले हारला म्हनीन. त्यायले कोन नाही हारत?"

"संपली!" जागेश्वर ओरडला. "मी म्हनलं! पंत, आता तुमी म्हना!"

सगळे दत्तोपंतांकडे पाहू लागले. "संपली" म्हटलं, की बैल घरी येणार आणि भोसल्यांच्या हातून टेकडी जाणार. नाही म्हटलं, तर टेकडी निदान वादात तरी राहणार. एवढ्या लढायांनंतर, एवढ्या रविवारांनंतर एकदाच मिळालेली टेकडी! त्यांनी परातीकडे पाहिलं. परातीच्या वर यमुताईंचा चेहरा होता. दत्तोपंतांनी मान खाली घातली. खाली केशव उत्तराच्या कडेवरून उतरून डुलत डुलत बैलापाशी पोचला होता आणि त्याने टाचा उंचावून दोन्ही हातांनी बैलाचं शेपूट घट्ट धरलं होतं.

"संपली," दत्तोपंत म्हणाले.

अनुसयाने बैल केशवसमोर ठेवला आणि केशवच्या कपाळाला माळेतलं फूल लावलं. महादेवरावांनी खाली वाकून सागवानाला हात लावून पाहिलं, शिंगांची टोपणं वाजवून पाहिली आणि "माल पक्का आहे" असं म्हणाले. जिलेबीचा विषय त्यांनी काढला नाही. आत परातीत पाणी ओतल्याचा आवाज आला. उत्तरा आणि तिच्या सासूबाई आत गेल्या, अनुसयाही पोळ्या लाटायला गेली.

बाहेर दत्तोपंत आणि जागेश्वर गुडघ्यांवर बसून तख्तपोसाखालच्या सुपाऱ्या वेचत होते.

"जागेश्वर," दत्तोपंत हळूच म्हणाले, "यमूनं परात उचलली त्याच्या आधी, टेकडी भोसल्यांच्याच ताब्यात होती ना?"

"होती ना, पंत. मीच तं होतो."

"म्हणजे जिंकलेच होते."

"जिंकलेच होते."

दत्तोपंतांनी हातातली सुपारी धोतराने पुसली. "मग इतक्या लढाया झाल्या. मी एवढे नियम केले, एवढ्या दुरुस्त्या काढल्या. तेव्हा एकदाही काहून नाही जिंकले?"

जागेश्वरने तख्तपोसाखालून डोकं बाहेर काढलं.

"तवा तुमी भोसल्यायकडून होते ना गा."